घडी पडलेला चिरोटा

आमच्या माहेरी दिवाळीच्या फराळात चिरोटे नसत. पूर्वी असत, १९९७ सालापासून बंद झाले. एखाद्या घराण्यात अमुक भाजी खायची नाही, तमुक रंगाचे लुगडे नेसायचे नाही असा कुळाचार असतो, त्यातलाच हा प्रकार असावा असे माझ्या यजमानांना लग्नानंतर कितीतरी वर्षे वाटत होते. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कुळाचार म्हटले की पुढचे प्रश्न खुंटतात. खरे कारण सांगायचे तर एका लग्नाची सारी हकीकत सांगावी लागली असती, आणि ती हकीकत आमच्या घरात कोणी सांगत नसे.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचे, म्हणजे ताईच्या मुलीचे, लग्न झाले आणि झाकून ठेवलेली ती गोष्ट आपसूक उघडी पडली.

त्याचे असे झाले. लग्न ठरल्यावर कामांची वाटणी झाली, तेव्हा रुखवत माझ्या वाट्याला आले. कारण काय, तर मी मराठीची प्राध्यापिका! मराठीत एम.ए. झालेल्या बाईला उखाणे, ओव्या, रांगोळ्या आणि उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या हे सारे विद्यापीठातच शिकवितात अशी लोकांची एक भाबडी समजूत असते. मी आपली व्याकरणाची आणि भाषाशास्त्राची बाई. उखाणा घ्यायची वेळ आली की मला घाम फुटतो. पण ताईपुढे माझे आजवर कधी चालले नाही, तेव्हा याही वेळी चालले नाही.

पहिल्या बैठकीला भाची आली ती मोबाइलवर तीनचारशे चित्रे जमवूनच. "मावशी, आधी थोडं इन्स्पिरेशन घेऊ," ती म्हणाली. स्फूर्ती ही वस्तू कवींसाठी राखून ठेवलेली आहे असे मी वर्गात शिकवीत आले; ती आता मिठाईवाल्यांच्या दुकानातही मिळू लागलेली दिसते. चित्रे मात्र पाहण्यासारखी होती. तीन मजली केक, त्यावर साखरेचे गुलाब. पैठणीच्या काठाची नक्षी उतरविलेला केक. वधूवरांची नावे लिहिलेली बिस्किटे. चांदीच्या वर्खात गुंडाळलेले आणि वर मोत्यांची माळ घातलेले लाडू. ते खाताना मोती काढून कुठे ठेवायचे हे चित्रात दाखविलेले नव्हते.

त्यांत एक चित्र इटलीतल्या लग्नाचे होते. तिकडे बदामावर साखरेचे पांढरे कवच चढवितात आणि अशा पाच बदामांची जाळीदार पुरचुंडी निरोपाच्या वेळी पाहुण्यांच्या हातावर ठेवतात. पाच बदाम म्हणजे आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य. हे मला मनापासून आवडले. बदामावर साखर चढविण्याची ती कृती म्हणजे आपल्या संक्रांतीच्या हलव्याची थोरली बहीणच की! परातीखाली मंद निखारा, वरून पाकाची चमचाचमचा धार आणि बोटांना अखंड चाळा. आपण तिळावर काटा आणतो, ते बदाम गुळगुळीत ठेवतात, एवढाच फरक.

केकविषयीही माझे मन कलुषित नाही, हे सांगून ठेवते. १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले, तेव्हा त्या देशात अजून रेशनिंग चालू होते. त्यांच्या नऊ फूट उंच केकसाठी लागणारी सामग्री ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी हजारो मैलांवरून पाठविली होती. आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, १९४४ साली, गिरगावातल्या एका चाळीत माझ्या आजीचे लग्न झाले होते. मुंबईत आदल्या वर्षीच रेशनिंग आलेले. आजी सांगे, की मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी आपापल्या कार्डावरची साखर वाटीवाटीने आणून दिली आणि त्यातून बुंदीचे लाडू वळले गेले. लाडू लिंबाएवढे होते. पण कोणत्या बिऱ्हाडातून किती वाट्या आल्या हे आजीला म्हातारपणीही तोंडपाठ होते. नातवंडांची नावे ती विसरू लागली तरी त्या वाट्या विसरली नाही. राजकन्येचा केक आणि आजीचे लाडू हे मला एकाच जातीचे पदार्थ वाटतात.

चित्रावरून स्फूर्ती घेण्यात अडचण एवढीच, की चित्रात हवा दिसत नाही. महिना कोणता, पाऊस आहे की ऊन, पदार्थ कधी केला आणि कधी खायचा, खाणाऱ्याच्या तोंडात दात आहेत की नाहीत, यातले काहीच चित्राला ठाऊक नसते. आपल्या जुन्या बायकांना ते ठाऊक होते.

रुखवत ही मुळात खाण्याचीच गोष्ट. नवरदेव जानवसघरी उतरलेला असे. लग्न लागण्यापूर्वी त्याच्यासाठी मुलीकडून वाजतगाजत फराळाची ताटे जात आणि तो आपल्या मित्रांना घेऊन त्यांचा फडशा पाडी. दूरचा प्रवास करून आलेल्या भुकेल्या माणसाला मुहूर्तापूर्वी चार घास मिळावेत, इतकी साधी ती सोय. लाडू, करंज्या, अनारसे असलेच पदार्थ का, तर ते आठ दिवस आधी करून ठेवता येतात आणि बैलगाडीत हिंदकळले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. अनारशाचे बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाळवून कुटायचे आणि गुळात कालवून मुरत ठेवायचे. म्हणजे लग्नघर गर्दीने भरण्याआधीच निम्मे काम उरकलेले. तुपात सोडला की तो कधीकधी हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. पण त्याला हसणे म्हणणारी बाई कशी असेल! सारी मेहनत पाण्यात, नव्हे तुपात, गेलेली बघून तिला हाच शब्द सुचावा.

पुढे या ताटांना टेबल मिळाले. टेबलाला झालर आली. साखरेच्या ठोकळ्यांचे देऊळ आले, थर्माकोलचे तुळशीवृंदावन आले, आणि शेवटी पदार्थांवर पारदर्शक कागद चढला. तो कागद चढला त्या दिवशी रुखवत खाण्याचे राहिले नाही, मोजण्याचे झाले.

ताईने माझ्यासमोर ठेवलेली यादी अकरा पदार्थांची होती. मी वरून खाली वाचत गेले. बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, करंज्या, साटोऱ्या, अनारसे. शेवटच्या ओळीवर पेन दोनदा फिरलेले होते. चिरोटे, १०१.

मी ताईकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आई, रुखवत मांडायचंच नाहीये," भाची म्हणाली. "कोणी येऊन मोजावं म्हणून मी लग्न करत नाही."

"तुझ्यासाठी नाही मांडत मी," ताई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

१९९७ च्या जूनमध्ये कोल्हापुरात ताईचे लग्न झाले. ठरविताना बैठक बसली आणि रीतीप्रमाणे यादी झाली. त्या यादीची एक प्रत पुढे मला बाबांच्या कागदांत सापडली. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ सालचा. तेव्हा यादीत हुंडा हा शब्द असण्याचे कारण नव्हते, आणि तो नव्हताही. होते ते असे : मानपान रीतीप्रमाणे. दोन्ही वेळची पंगत. रुखवत पाच पदार्थ, प्रत्येकी १०१, साजूक तुपातले. बाबा माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले. त्यातले मंडपाला किती गेले आणि तुपाला किती, याचा हिशेब मला माहीत नाही. पण ते कर्ज फिटले तेव्हा माझे एम.ए. झालेले होते. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बाबांनी तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती, उत्तरपत्रिका तपासावी तशी.

चार पदार्थ आचाऱ्याकडे दिले. चिरोटे मात्र आई म्हणाली मीच करणार. तिच्या चिरोट्यांचे आमच्या आळीत नाव होते. मी तेव्हा बारावीत होते आणि तुकडे कापायला तिच्या शेजारी बसले होते, त्यामुळे ती दुपार मला आजही दिसते. मैदा दुधात घट्ट भिजवायचा, त्यात कडकडीत मोहन. तूप परातीत तळहाताने फेटून फेटून पांढरेशुभ्र करायचे आणि त्यात तांदळाची पिठी मिसळायची, हा साटा. मग पातळ पोळीवर साटा, वर दुसरी पोळी, पुन्हा साटा, वर तिसरी. त्यांची घट्ट वळकटी करून बोटभर रुंदीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यावर लाटणे हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवायचे. जोर केला की पदर एकमेकांना चिकटलेच म्हणून समजा. मंद आचेवर, झाऱ्याने वरून तूप उडवीत तळला की चिरोटा कढईतच फुलासारखा उमलतो. आईने एकशे अकरा केले होते. दहा फुटतील म्हणून. एकही फुटला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला. कोल्हापूरचा पाऊस कधी पाहिला असेल तर पुढचे सांगायला नको. तो रात्रभर कार्यालयाच्या पत्र्यावर वाजत होता. सकाळी गडबड होईल म्हणून आम्ही ताटे रात्रीच टेबलावर मांडून ठेवली होती आणि चिरोट्यांवर पिठीसाखर भुरभुरली होती. मीच भुरभुरली होती.

सकाळी वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. त्यांतल्या एकीने ताटातला चिरोटा उचलला आणि दोन्ही हातांनी मोडायला गेली. तो मोडेना. वाकला. तिने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, नीट दुमडला आणि म्हणाली, "अगंबाई, याची तर घडी पडते! रुमाल म्हणून द्यायचा असेल." एकच हशा पिकला. त्या हसण्यात फार दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. लग्नघरात माणसे कशालाही हसतात. आई तिथेच हळदीकुंकवाचे तबक घेऊन उभी होती. तीही हसली. बाकीच्यांचे हसणे संपले, बायका पुढच्या ताटाकडे वळल्या, तरी तिचे हसू तोंडावर तसेच राहिले होते, झोपताना काढायचा राहून गेलेल्या चष्म्यासारखे.

ताई शेजारच्याच खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. तिने सारे ऐकले. पुढे तिच्या सासरी कित्येक दिवाळ्या चिरोट्यांना "कोल्हापुरी रुमाल" म्हणत. म्हणणाऱ्यांना ते प्रेमाचेच वाटत असावे. आईने त्या वर्षी दिवाळीत चिरोटे केले नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. आम्ही विचारले नाही.

हे सारे मी बाहेर कोणाला बोलले नसते. पण आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर रसायनशास्त्राच्या बाई बसतात. मूळच्या गोव्यातल्या, सासष्टीच्या, ख्रिस्ती, मराठी, कोकणी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा सारख्याच वेगाने बोलणाऱ्या. त्यांच्या बहिणीच्या मुलीचेही लग्न त्याच महिन्यात होते. मधल्या सुटीत त्यांनी विचारले, "तुमच्याकडे वजें काय पाठवतात?"

वजें म्हणजे नवरीबरोबर तिच्या सासरी जाणाऱ्या गोडाच्या टोपल्या. त्यांत केळी असतात, दोस असते, बोल असतात. दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर एकत्र आटवून, थापून वड्या पाडतात ते. बोल म्हणजे गहू, गूळ आणि नारळाचा जाडजूड गोड पाव, त्याचे पीठ पूर्वी माडाच्या सुरेने फुगवीत. मला आवडले ते पुढचे. सासरची मंडळी हे सारे स्वतःसाठी ठेवून घेत नाहीत. वाड्यावरच्या घराघरांत वाटतात. नवी सून आली हे शेजाऱ्यांना अशा रीतीने जिभेवरूनच कळते. हिंदू घरांतही वजें जाते, ते लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, मुलीच्या माहेराहून.

मी एव्हाना शब्दात अडकले होते. "वजें म्हणजे आमचे ओझेच की हो!" मी उत्साहाने म्हणाले. व्युत्पत्ती जुळली की मराठीच्या माणसाला कुठे थांबावे ते कळत नाही.

"ओझेच," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या वडिलांनी तीन मुलींची तीन वजीं पाठवली. सगळ्या वाड्याला गोड लागली. आमच्या घराची कौलं बदलायची होती, ती मात्र त्या वर्षांत कधी बदलली नाहीत."

मग मी त्यांना चिरोट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती प्रयोगवही तपासावी तशी ऐकली.

"जूनमध्ये? पाऊस चालू असताना? रात्रभर उघड्यावर?"

"हो."

"आणि वर साखर घालून?"

"हो."

"मग तो सादळणार नाही तर काय होणार! तुमच्या आईंनी नव्हे, कोणीही केला असता तरी हेच झालं असतं." आणि त्यांनी फळ्याशिवायच मला समजावून दिले. तळताना पिठातले जवळजवळ सारे पाणी निघून जाते, म्हणून चिरोटा कुरकुरीत. पावसाळी हवा बाष्पाने भरलेली. कोरडे पीठ ते ओढून घेते आणि साखरही त्याला हातभार लावते. लाडवाला पृष्ठभाग एवढासा, वर तुपाचे आवरण. त्याला पावसाचे भय कमी. चिरोट्याचे तसे नाही. त्याला जितके पदर अधिक, तितक्या हवेला आत शिरायच्या वाटा अधिक. "म्हणजे बघा, चिरोटा जितका चांगला तितका लवकर सादळणार. जाड नि चिवट केला असता तर एवढा वाकला नसता."

घंटा झाली. मला बी.ए.च्या वर्गावर जायचे होते; मी पाच मिनिटे तशीच बसून राहिले. हे एवढे वाक्य आमच्या घरात सत्तावीस वर्षे कोणाला सुचले नव्हते. आई सुगरण, ताई हिशेबी, मी शिकलेली. पण आम्ही तिघींनी तो अपमान जपून ठेवला होता. तो कशामुळे झाला याची चौकशी केली नव्हती. आणि साखर तर मीच घातली होती.

त्या संध्याकाळी मी ताईच्या घरी गेले आणि भाचीसमोर ती हकीकत पहिल्यापासून सांगितली. ताई मध्ये एकदाच बोलली. "दुमडला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही," एवढेच. भाची ऐकत राहिली. मग म्हणाली, "चिरोटे हवेतच मग. पण टेबलावर नाहीत. पानात. आणि मोजायचे नाहीत." ताईने पेन घेतले आणि यादीतल्या १०१ वर रेघ मारली. अकरापैकी सात पदार्थही त्या रेघेबरोबर गेले. केक राहिला, एकमजली, बिनअंड्याचा, कारण नवऱ्यामुलाच्या आजीच्या तोंडात दात नव्हते आणि लग्नात आपल्याला काही खाता येत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती.

राहता राहिल्या त्या इटलीच्या पुरचुंड्या. भाचीच्या मनातून पाच बदाम जात नव्हते. "आपल्यात काही पाच असतं का गं?" तिने विचारले आणि मला आजीच्या पाच खिरी आठवल्या. गव्हले, नखुल्या, फणोल्या, बोटवे आणि शेवया. रवामैद्याच्या भिजवलेल्या गोळ्यातून बोटांनी तांदळाएवढे दाणे वळायचे ते गव्हले. नखाने दाबायच्या त्या नखुल्या. लाकडी फणीवर दाबून रेघा उमटवायच्या त्या फणोल्या. बोटाभोवती वळायचे ते बोटवे. उन्हात वाळवून ठेवले की महिनोन्‌महिने टिकतात आणि दुधात शिजवले की खीर होते. लग्नाच्या मुहूर्ताला हळकुंडे फोडतात तेव्हा गव्हले वळायचीही रीत आहेच. एका घराला वाटीवाटी खीर होईल एवढी पुरचुंडी, पाचही प्रकार घातलेली, घरटी एक : भाचीने हिशेब करून शंभर ठरविल्या.

ठरवायला काय लागते! पहिल्या रविवारी चौघीजणी मिळून आम्ही तीन तासांत वाटीभर गव्हले केले. तेही एकसारखे नव्हते. माझ्या हातचे उंदराच्या लेंड्यांसारखे दिसतात असे भाचीने स्पष्ट सांगितले. मग आमच्या काकूला बोलावणे गेले. काकूचे वय ऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पिठाची वळी धरली की गव्हले पावसासारखे पडतात. ती आली आणि सवयीने दाराजवळ बसली. तीस वर्षांपूर्वी काका गेल्यापासून मुहूर्ताच्या कामाला तिने कधी पहिला हात लावला नव्हता. पाच सवाष्णींनी सुरुवात करायची, मग उरलेले तीन शेर पीठ काकूने एकटीने वळायचे, असा तो आमच्या घरातला न्याय. आणि तो आम्हांला कधी विचित्र वाटला नव्हता, हे लिहिताना मला लाज वाटते. "तुम्ही सुरू करा गं, मी आहेच मागून," ती म्हणाली. कोणी काही बोलले नाही. भाचीने परात उचलली, दाराशी नेऊन काकूपुढे ठेवली, आणि आम्ही सगळ्याजणी आपापले पाट घेऊन दाराशी जाऊन बसलो. काकू थोडा वेळ पिठाकडे बघत राहिली. मग तिने वळी तोडली.

चार रविवार असे गेले. शेजारणी आल्या, भाचीच्या कचेरीतल्या मुली आल्या. एका रविवारी नवरामुलगाही आला. त्याचे गव्हले शेंगदाण्याएवढे झाले, ते वेगळ्या बरणीत भरून वर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली. शंभराव्या पुरचुंडीला पीठ कमी पडले तेव्हा ती बरणीच कामाला आली.

चिरोट्यांची दुपार निराळीच झाली. ताई आयुष्यात पहिल्यांदा चिरोटे करीत होती. आईला आम्ही कृती विचारली, तर "मला नाही आता आठवत," म्हणून ती पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसली. पहिले चार चिरोटे पुरीसारखे झाले. पदर सगळे चिकटले. ताईने पाचवा पोळपाटावर घेतला, लाटणे पुढेमागे, पुढेमागे फिरवू लागली, तोच पलीकडून आवाज आला : "एकाच दिशेने."

आईने वर्तमानपत्र खाली घेतले नव्हते.

लग्न पुण्यात, मार्गशीर्षातल्या कोरड्या थंडीत, छान झाले. रुखवताचे टेबल नव्हतेच. लाडू, करंज्या पानांत वाढल्या, केकचा पहिला तुकडा आजीबाईंना मिळाला आणि त्यांनी तो चवीने, वेळ घेऊन खाल्ला. चिरोटे घट्ट झाकणाच्या डब्यात होते; पिठीसाखर वाढताना वरून घालायला मी स्वतः उभी होते. रुमालवाल्या बाईही पंगतीत होत्या. त्या ताईच्या सासरच्या, म्हणजे या खेपेला मुलीकडच्या. खूप थकल्या आहेत आता. त्यांना १९९७ सालचे काही आठवत असेल असे मला वाटले नाही, आणि आठवून द्यावे असेही वाटले नाही. त्यांनी दोन चिरोटे खाल्ले, "कोणी केले गं?" म्हणून विचारले, आणि तिसरा घरी न्यायला रुमालात बांधून घेतला. ताईने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पदर तोंडाला लावून ती जी आत गेली, ती हसू आवरल्यावरच बाहेर आली.

चौथ्या दिवशी आवराआवर करताना डब्याच्या तळाशी एक चिरोटा सापडला. ताई तो घेऊन आईकडे गेली. आईला उजव्या कानाने आता कमी ऐकू येते. ताईने चिरोटा तिच्या डाव्या कानाशी नेला आणि मोडला.

"ऐकलंस?"

आईने काही उत्तर दिले नाही. एक तुकडा घेतला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळत राहिली.

"साट्यात तूप जरा जास्त झालंय," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा मागून घेतला.

परवा तिचा फोन आला. दिवाळीला येताना दोन किलो मैदा आणि तांदळाची पिठी मी आणायची आहे. पिठीसाखर घरात आहे. पण ती आधी घालायची नाही, खाताना वरून घालायची, नाहीतर चिरोटे सादळतात, असेही तिने मला बजावले.